ओव्हाळांचा रिकामा कोनाडा

१

संभाजी ओव्हाळ रविवारी संध्याकाळी खराडीहून, लेकीकडून परतले. कुलूप उघडून आत गेले आणि लगेच अनवाणीच बाहेर येऊन शेजारच्या रंगराव भोईट्यांच्या दारात उभे राहिले.

"रंगराव, चल जरा. माझ्याकडे चोरी झालीय."

रंगराव सीआयडीतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. त्यानंतर विश्रांतवाडीच्या सहजीवन सोसायटीनं त्यांच्याकडे सोपवलेले तपास म्हणजे कुंपणावरची जास्वंद कोण तोडतं आणि पाण्याच्या टाकीचं झाकण कोण पळवतं. त्यामुळे 'चोरी' म्हटल्याबरोबर त्यांच्या अंगात तरतरी आली. या तरतरीची पुढे त्यांना फार लाज वाटली. त्यांची बायको मंदाकिनी ओसरीत मटार सोलत बसली होती. "तुम्ही व्हा पुढं, मी चहा टाकते," असं म्हणून ती आत गेली.

ओव्हाळांच्या घरात पाहिलं तर सगळं जागच्या जागी. टीव्ही होता, त्यांच्या बायकोचं, कांताबाईंचं शिवणयंत्र होतं, फळीवरची पितळी भांडीसुद्धा होती. कुलूप, कडी, खिडक्या शाबूत. फक्त बैठकीच्या समोरच्या भिंतीतला कोनाडा रिकामा होता. त्यात संगमरवरी बुद्धमूर्ती असायची आणि वर बाबासाहेबांची तसबीर. तसबिरीच्या जागी आता खिळा होता आणि भिंतीवर फिकट चौकोन.

"दुसरं काही गेलंय का, बघितलंस?"

"दुसरं काय न्यायचं ते नेऊ दे की," संभाजी खाली बसत म्हणाले. "माझ्याकडे होतं काय तेवढं सोडून?"

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पलीकडे एजंट दत्तप्रसाद होता आणि त्याचा आवाज रंगरावांनाही ऐकू येत होता. "काका, पेढे तयार ठेवा! आज सकाळी दाखवलेल्या पार्टीला घर एकदम पसंत. पण बुधवारी पक्कं करायचं. त्यांनी दुसरंही एक बघून ठेवलंय."

संभाजींनी फोन बंद केला. उठून त्यांनी त्या फिकट चौकोनावरून बोट फिरवलं.

कांताबाई दिवाळीच्या आधी गेल्या. तेव्हापासून संभाजी एका वेळचं रांधून दोन्ही वेळ खात, तेही मनात आलं तर. लेक आम्रपाली खराडीत कॉम्प्युटर कंपनीत होती. तिनं वडिलांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. दोन हजार सात साल होतं, आयटीवाल्यांनी सगळ्या भागाचे भाव गगनाला भिडवले होते. तरी याआधी आलेल्या दोन्ही पार्ट्या बैठकीत उभ्या राहून, इकडेतिकडे बघून, "कळवतो" म्हणून गेल्या त्या गेल्याच. का गेल्या हे संभाजींना कुणी सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे कोणीतरी माझं घर माझ्यापासून सोडवून विकलंय," ते म्हणाले. "ऐक रंगराव. कोणाला माझी लाज वाटली ते मला कळलं पाहिजे. तोवर मी सही करणार नाही. गेलं गिऱ्हाईक तर जाऊ दे."

रंगरावांनी कोनाड्यात वाकून बघितलं. धुळीचा कण नव्हता, कोणीतरी नीट पुसून घेतला होता. फक्त मागच्या कोपऱ्यात तांदळाचे चारपाच दाणे पडले होते, आणि त्यांना कुंकू लागलेलं होतं.

२

दत्तप्रसादचं ऑफिस म्हणजे चौकातला एक गाळा, त्यात एक टेबल आणि भिंतभर नकाशा. दारातूनच त्यानं रंगरावांना खुर्ची दिली.

"साहेब, माझ्यावर संशय घ्या, माझं काही म्हणणं नाही. धंदाच तसा आहे," तो म्हणाला. "ती भिंत बघितली की पार्टीचा चेहरा बदलतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तोंडानं कोणी बोलत नाही हो. वास्तू बरोबर नाही म्हणतील, पाण्याचं प्रेशर विचारतील. पण दारातून बाहेर पडले की एकमेकांकडे बघतात."

"मग तू भिंत मोकळी केलीस."

"मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? पण काकांच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, आणि त्यांना न विचारता हात लावायची तर त्याहून नाही. काल तुमच्याकडून किल्ली घेऊन पार्टीला आत नेलं, तर भिंत आधीच रिकामी! मला वाटलं, काकांनीच काढून ठेवलं. बरं झालं म्हटलं, सुटलो."

"हे भिंतीचं तू कोणाकोणाजवळ बोलला होतास?"

दत्तप्रसादनं कान खाजवला. "चार ठिकाणी बोललो असेन, साहेब. मी जरा जास्तच बोलतो. काकांच्या पोरीजवळ बोललो. तुमच्या सेक्रेटरींजवळ बोललो. आता किती नावं सांगू?"

रंगराव उठले. घराच्या किल्ल्या तीनच होत्या. एक संभाजींकडे, एक आम्रपालीकडे, आणि तिसरी रंगरावांच्या स्वयंपाकघरात खुंटीला. एजंट ती न्यायचा आणि काम झालं की आणून द्यायचा. दत्तप्रसाद खरं बोलत असेल तर मूर्ती त्याच्याआधी गेली होती. मग उरली पोरगी. तिला विचारायचं रंगरावांच्या जिवावर आलं, कारण ती त्यांच्याच अंगणात सायकल शिकली होती.

३

खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीखाली चहाची टपरी होती. आम्रपाली गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये कोंबत खाली आली.

"काका, बाबांनी पाठवलं?"

"मी आपणहून आलो. तुझ्याकडे किल्ली आहे ना गं?"

ती काय ते समजली. चहाचा ग्लास तिनं तसाच धरून ठेवला.

"गेल्या आठवड्यात गेले होते मी," ती म्हणाली. "बाबा माझ्याकडे होते, मी मुद्दाम एकटी गेले. म्हटलं, फक्त व्हिजिटपुरतं काढून ठेवू, बाबांना कळणारपण नाही. काका, फ्लॅट रेंटवर शोधताना मला किती जणांनी 'पूर्ण नाव काय' विचारलंय, तुम्हाला कल्पना नाही. इंग्रजीत बोलत होते, छान हसत होते, आणि पूर्ण नाव कळलं की फ्लॅट कालच गेलेला असायचा. मला वाटलं, बाबांना या वयात ते पुन्हा नको."

"मग?"

"हात वर केला आणि आईच दिसली." तिचे डोळे भरून आले. "लग्नानंतर ते दोघं बुधवार पेठेत भाड्याच्या खोलीत राहायचे. मालकाला आडनाव वेगळं सांगितलेलं. आईनं मूर्ती ट्रंकेत ठेवलेली. मालकीण गावाला गेली की बाहेर काढायची, पुसायची, परत आत. हे घर बांधलं तेव्हा तिनं गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून तो कोनाडा करून घेतला. म्हणाली, आता हा कोणाला भिऊन आत जाणार नाही. मी कशी काढू, काका? तशीच परत आले."

रंगरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  कोनाड्यात कुंकवाचे तांदूळ होते का, असं विचारल्यावर तिनं रडता रडता चक्क कपाळाला आठ्या घातल्या. "आमच्याकडे? अक्षता? बाबांनी घरात असलं काही चालू दिलं असतं का?"

घर पसंत केलेलं जोडपंही जवळच कामाला होतं. योगेश आणि दीपमाला, मूळचे यवतमाळकडचे. दत्तप्रसादकडून घेतलेल्या नंबरावर रंगरावांनी फोन करताच दोघं टपरीवर आली.

"भिंत मोकळी होती म्हणून पसंत पडलं का घर?" रंगरावांनी सरळच विचारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत आडवळणानं विचारायची कला त्यांना कधी जमली नव्हती.

दीपमाला गोंधळली. "नाही हो, काकाजी. दारावर एवढ्या मोठ्या अक्षरात नाव आहे. ते वाचूनच तर आत गेलो ना आम्ही! आम्हाला काही फरकच पडत नव्हता. पण आत गेलो तर खिळा दिसला, भिंतीवर डाग दिसला. मी यांना म्हटलं, बिचाऱ्यांनी आपल्यासाठी काढून ठेवलं बघा. इतकं वाईट वाटलं. घर छान होतं तरी मला तिथं उभं राहवत नव्हतं."

"एजंटसुद्धा भिंत बघून दचकला होता," योगेश म्हणाला. "'अरेच्चा' म्हणाला न् गप्प झाला."

म्हणजे दत्तप्रसाद खरं बोलत होता. येरवड्याच्या पुलाजवळ सिग्नलला थांबल्यावर रंगरावांच्या मनात पाटीचा विचार आला. चोरानं आतली भिंत निवांतपणे साफ केली आणि दारावरच्या नावाला हात लावला नाही. असा कसा चोर? आणि अक्षता कुठून आल्या? सोसायटीत गेल्या आठवड्यात अक्षता वाटत हिंडला होता तो एकच माणूस, आणि ओव्हाळांचं दार त्यानं नेमकं वगळलं होतं.

४

सेक्रेटरी अनंत पेंडसे यांनी दार उघडलं, पण पूर्ण नाही.

"या भोईटे. लग्न पुढच्या रविवारी आहे. आज जेवण नाही."

त्यांची मुलगी अपेक्षा हिचं लग्न ठरलं होतं. सोसायटीत डिसोझांपासून शेखांपर्यंत सगळ्यांकडे पत्रिका आणि अक्षता गेल्या होत्या. ओव्हाळांकडे गेल्या नव्हत्या.

"ओव्हाळांची मूर्ती गेलीय, आणि रिकाम्या कोनाड्यात अक्षता सापडल्यात. त्यांना पत्रिकेतून का वगळलंत?" रंगरावांनी खुर्चीत बसायच्या आतच विचारलं.

"त्यांच्या घरी दुःख घडून वर्ष झालेलं नाही. त्या घरात अक्षता घेऊन 'यायचं हं' म्हणत जायचं? तेवढी अक्कल आम्हाला आहे. मी स्वतः फोन करणार होतो. झालं समाधान?"

"गेल्या मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालात, घरं विकताना आपल्यासारखी माणसं बघून विका."

"म्हणालो. मेंटेनन्स वेळेवर भरणारी आणि रात्री गाणी न लावणारी. ओव्हाळ दोन्हीत पहिले आहेत. तुमचा नंबर कितवा ते नोटीस बोर्डवर बघा." पेंडशांनी चष्मा पुसला. "आता स्पष्टच बोलू. माझी मतं काय आहेत ती सगळ्यांना ठाऊक आहेत आणि ती सगळीच चांगली आहेत असा माझा दावा नाही. मूर्ती कोणी उचलली याचा संशय माझ्यावर येणं साहजिक आहे. पण कोनाड्यात अक्षता मिळाल्या म्हणता ना तुम्ही?"

"हो."

"मग तुम्ही सीआयडीत नक्की काय करत होतात? अहो, गणपती हलवायच्या आधी आपण काय करतो? अक्षता वाहतो, नमस्कार करतो, मग मूर्ती जागेवरून जराशी सरकवतो. मला ती मूर्ती डोळ्यांसमोर नको असती तर मी ती काखेत मारून निघालो असतो. तिची परवानगी कशाला मागत बसू?"

रंगराव दाराकडे वळले. त्यांना उत्तर सापडलं होतं, आणि ते कोणीतरी काढून घ्यावं असं त्यांना वाटत होतं.

५

पेंडशांच्या घरापासून स्वतःच्या फाटकापर्यंत जेमतेम चार घरं. तेवढ्या वाटेत त्यांनी सगळं पुन्हा एकदा जुळवून बघितलं, कुठं चूक सापडते का म्हणून.

मूर्ती नेणाऱ्याला तिचा राग नव्हता. उलट तिला जागेवरून हलवायच्या आधी त्यानं तिची परवानगी मागितली होती. मूर्ती म्हणजे देव, आणि देवाला न सांगता उठवायचं नाही, हे ज्याच्या अंगात मुरलंय तोच माणूस बुद्धासमोर अक्षता वाहील. आम्रपाली ते करणार नाही. दत्तप्रसाद आत जायच्या आधीच ते झालं होतं. पेंडशांकडे किल्ली नव्हती. उरली ती स्वयंपाकघरातल्या खुंटीवरची किल्ली.

आणि एक गोष्ट रविवारीच त्यांच्या ध्यानात यायला हवी होती. मंडईतून पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून भाव विचारणारी बाई ती. शेजारी चोरी झाली म्हटल्यावर काय गेलं, हे तिनं विचारलंच नव्हतं. तिनं चहा टाकला होता.

रंगरावांनी देवाचं सगळं खातं लग्नापासून बायकोकडे सोपवलेलं होतं. देवघराच्या खोलीत ते क्वचितच जात. आज गेले. निरांजन तेवत होतं. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि त्यांच्यामागे पाटावर, नव्या कोऱ्या खणावर, पांढरी बुद्धमूर्ती. समोर वाटीत साखर ठेवली होती. तसबीर खालच्या कप्प्यात मंदाकिनीच्या लग्नाच्या शालूत गुंडाळलेली होती.

"सापडलं का?" मागून मंदाकिनीनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"का केलंस गं?"

ती उंबऱ्यातच बसली. "तो दत्तप्रसाद किल्ली द्यायला आला न् म्हणाला, भिंत बघितली की पार्टी परत फिरते. मला तिथंच कसंतरी झालं. माझ्या कांताच्या घरात येऊन लोकांनी नाक मुरडायचं? तिनं तिथं मला माझी दोन्ही बाळंतपणं झाल्यावर न्हाऊमाखू घातलंय. आणि भावजी तिकडं न जेवता वाळत चाललेत. म्हटलं, घर विकेपर्यंत बुद्ध न् बाबासाहेब दोघं माझ्याकडे राहू देत. माझ्या देवांत ठेवलं, दोन्ही वेळ दिवा लावला. एकदा घर गेलं की गुपचूप परत नेऊन देणार होते. भावजी एवढ्यात परततील असं वाटलं नव्हतं, न् आल्यावर तोंड उघडवेना."

"दारावरच्या पाटीचं काय?"

"कसल्या पाटीचं?" तिनं भाबडेपणानं वर पाहिलं. "ते कांताचं दार आहे. त्यात काय लपवायचं?"

रंगरावांना हसू आलं. जे नाव वाचून लोक माघारी फिरत, ते हिला इतकी वर्षं नुसतं मैत्रिणीचं नाव म्हणून दिसलं होतं. आणि हिनंच मूर्ती लपवली होती.

"मी जाऊन सांगतो त्याला," ते म्हणाले.

"नाही," तिनं पदर खोचला. "नेली मी, देणारही मीच."

६

मंदाकिनीनं मूर्ती दोन्ही हातांत धरून नेली. रंगराव तसबीर घेऊन मागे. संभाजींनी दार उघडलं, मूर्ती बघितली, मग तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद येता येताच थांबला.

तिनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. संभाजींनी ऐकून घेतलं. मूर्ती तिच्या हातातून घेऊन त्यांनी कोनाड्यात ठेवली, पंच्यानं पुसली.

"वहिनी, दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी भांडलो असतो," ते म्हणाले. "पोलिसात गेलो असतो. तुमच्याशी कसा भांडू? कांताच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही तिचं सगळं काढलंत, मला माहीत नाही का? तुमच्या मनात पाप नव्हतं. पण तिनं जन्मभर ज्याचा धसका घेतला होता, तेच झालं की हो. तिला तुम्ही परत ट्रंकेत घातलंत."

मंदाकिनी भिंतीला टेकून रडायला लागली. संभाजींनी तिला पाणी आणून दिलं. जवळ मात्र बसले नाहीत. तोंड फिरवून ते खिडकीपाशी उभे राहिले, आणि रंगरावांना इतक्या वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच त्या घरात पाहुण्यासारखं वाटलं.

बुधवारी योगेश आणि दीपमाला पुन्हा आली. संभाजींनीच बोलावलं होतं. "घर आहे तसं बघा आणि मग सांगा," ते म्हणाले. दीपमाला कोनाड्यासमोर उभी राहिली, तिनं हात जोडले, आणि म्हणाली, "काकाजी, आता इथं बरं वाटतंय. तुम्ही नेल्यावर ही जागा सुनी दिसेल." संभाजींनी विक्रीला होकार दिला. पेंडसे लग्नाचं बोलवायला स्वतः आले, पत्रिका देऊन, अक्षता न देता गेले. संभाजी लग्नाला जाऊन जेवून आले. भोईटे बसले होते त्या पंगतीत मात्र ते बसले नाहीत, डिसोझांच्या शेजारी बसले.

महिन्याभरानं सामानाचा टेम्पो पुढे गेला. आम्रपाली गाडी काढत होती. मंदाकिनी फाटकाशी डबा घेऊन उभी होती. संभाजींनी तो घेतला, "येतो वहिनी" म्हणाले आणि रंगरावांना दोन पावलं बाजूला घेऊन गेले.

"एक विचारू? खरं सांगायचं. वहिनींनी आधी तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

अशा प्रश्नांपुढे गप्प होणारी माणसं रंगरावांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. गप्प बसण्याचा अर्थ काय होतो, हे ते नव्या पोरांना शिकवत असत. म्हणून ते गप्प बसू शकले नाहीत.

"काढ म्हणालो असतो," ते म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणालो असतो."

संभाजींनी सावकाश मान हलवली. मनात आलं होतं हे एजंटानं कबूल केलं होतं, पोटच्या पोरीनंही केलं होतं, आता यानंही केलं. रागवायला त्यांच्याकडे कोणी उरलं नव्हतं.

"मग घरी गेल्यावर त्यांना एकटीला बोल लावू नकोस," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. गाडी वळणावरून गेली तेव्हा त्यांनी मागे पाहिलं नाही.

मंदाकिनी जवळ आली. "काय म्हणाले हो भावजी?"

"तुला बोलू नको म्हणाले," रंगराव म्हणाले. ते खरंच होतं. उरलेलं सांगायला त्यांना धीर झाला नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.